धारूरकर सरांचं चक्र

धारूरकर सर दर जूनमध्ये बर्फ फोडायचे. शाळेच्या टाकीत तळाला गाळ, नळ सोडला तर नुसती हवा यायची, पोरं घरून पाण्याच्या बाटल्या आणायची. आणि हे गृहस्थ शाळा उघडायच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला डिजिटल फळ्याचं पेन अडकवून स्टाफरूममध्ये यायचे आणि हात चोळत म्हणायचे, "मॅडम, आज बर्फ फोडायचाय!" पहिल्या वर्षी आमच्या शिपाईमामांनी भाबडेपणानं विचारलं होतं, "सर, लादी कुठून आणू?" त्यावर सर असे काही हसले की मामा पुढं महिनाभर त्यांच्या वर्गावर घंटेशिवाय फिरकले नाहीत.

हा बर्फ म्हणजे सुट्टीवरून आलेल्या पोरांचा संकोच. तो घालवायचा तर पहिल्या दिवशी डिजिटल फळ्यावर खेळ घ्यायचे, असं सर पुण्यातल्या एका प्रशिक्षणात शिकून आले होते. तिथून ते एवढंच शिकून आले. आवडता प्राणी ओढून चौकटीत टाका, आजचा मूड कसा आहे त्या हसऱ्या-रडक्या तोंडावर बोट ठेवा, असले ते खेळ. फळा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं दिलेला, त्यामुळं त्याला हात लावण्याआधी पोरांनी हात धुवायचे असा सरांचा दंडक होता. प्यायला घोटभर पाणी नसलेल्या शाळेत बोर्डाशेजारी हात धुवायची बादली भरून ठेवलेली असायची. बादलीकडं बघत रांगेत उभी राहिलेली पोरं मी पाहिलीत. हसऱ्या तोंडावर बोट ठेवायला निघालेली ती तोंडं कोरडी पडलेली असायची.

आमची शाळा जालना रोडवर, शहर संपतं आणि कंपन्या सुरू होतात त्या मधल्या पट्ट्यात. ती वर्षं मोठी विचित्र होती. पाऊस सारखा हुलकावणी देत होता, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि आमच्या शाळेच्या चारी बाजूंनी मात्र इमारती जोमानं वाढत होत्या. अर्धा वर्ग त्या नव्या फ्लॅटमधला, अर्धा आसपासच्या खेड्यांतला. सरांना दोन्ही सारखेच. ते दोघांकडंही बघत नसत, फळ्याकडं बघत.

त्यांचा सगळ्यांत लाडका खेळ म्हणजे चक्र. जत्रेत असतं तसं रंगीत चक्र फळ्यावर यायचं, त्याच्या पाकळ्यांवर पोरांची नावं. सर बोट लावायचे, चक्र गाणं म्हणत गरगर फिरायचं आणि बाण ज्या नावावर थांबेल त्यानं उठायचं. सुरुवातीला हे पहिल्या दिवसापुरतंच होतं. पुढं सर आठवीचं गणितही चक्रावरच शिकवायला लागले. कुणी हात वर केला तर म्हणायचे, "हात खाली. मी विचारत नाही, चक्र विचारतं. चक्र पक्षपात करत नाही." मी एकदा म्हटलं, "सर, ज्याला येतंय त्याला तरी विचारा." तर खिशातल्या पेनवर बोट वाजवत म्हणाले, "मॅडम, टेन्शन लेने का नही. सिस्टम है ना!"

मला हा माणूस मनापासून आवडत नसे, हे वाचकांना एव्हाना कळलंच असेल. पण त्यांना काही येत नव्हतं म्हणून नव्हे. एकदा भर तासाला वीज गेली. मी शेजारच्या वर्गावर होते. खिडकीतून पाहिलं तर सर मागच्या भिंतीवरच्या जुन्या काळ्या फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि हात न उचलता एका दमात वर्तुळ काढलं. कंपासनं काढावं तसं गोल. मग त्यात जीवा, त्रिज्या, स्पर्शिका. पोरं श्वास रोखून बघत होती, शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वीज आली. सरांनी चोरी पकडली गेल्यासारखं ते वर्तुळ हातरुमालानं पुसलं आणि चक्राकडं परत गेले. एवढी विद्या हातात असून तिची लाज वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी मला त्यांचा सगळ्यांत जास्त संताप आला.

त्या वर्षी आठवीत प्रज्ञा खरात नावाची मुलगी होती. बाप शेंद्र्याला एका कंपनीत गेटवर, आई दुसऱ्याच्या रानात. शाळा उघडली त्या आठवड्यात त्यांच्या वस्तीवर टँकरचा नेम नव्हता, म्हणून ती आली तेव्हा शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते. गणितात तिचं डोकं असं चालायचं की उदाहरण फळ्यावर लिहून होईतो तिचं उत्तर तयार. पण चक्रावर नावं पहिल्या दिवशी भरलेली, त्यात तिचं नव्हतं. तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "चक्र लॉक झालंय बेटा. बर्फ एकदाच फुटतो." चक्र रोज फिरायचं आणि बाण तिच्याजवळून सुद्धा जायचा नाही, कारण तिला त्यात जागाच नव्हती.

मी सरांकडं गेले, मुख्याध्यापकांकडं गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "तांत्रिक बाब आहे, धारूरकर बघतील." धारूरकर म्हणाले, "मॅडम, मध्येच नाव घातलं की सिस्टमची शिस्त जाते." माझ्या मराठीच्या तासाला मी प्रज्ञाला मुद्दाम उठवायची, ती नीट उत्तर द्यायची आणि बसायची. एक दिवस तास संपल्यावर माझ्यामागं व्हरांड्यात आली.

"मॅडम, आई म्हणायली, शाळेत तुला कोण इचारतंय? कुणी इचारत नसल तर घरी ऱ्हा, पाणी भर."

"मी विचारते ना गं तुला."

"तुमी इचारता. पर मला गणितात इचाराय पायजे, मॅडम. आई दिवाळीच्या आधी मीटिंगला येणारे. तिच्यासमोर एकदा इचारलं तर ती सोडंल शाळेत."

एवढंच तिला हवं होतं. मी ते जसंच्या तसं सरांच्या कानावर घातलं. "बघू," असं ते म्हणाले, आणि बघितलं नाही.

पालकांची मीटिंग आली. सरांनी पालकांना मागच्या बाकांवर बसवून चक्राचा तास दाखवायचं ठरवलं. मीही मागं उभी होते. प्रज्ञाची आई टँकरच्या रांगेत हंडा लावून, शेजारणीला सांगून आली होती. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. चक्र गाणं म्हणत फिरलं. कुणीतरी उठलं, चुकलं, बसलं. पुन्हा फिरलं. प्रज्ञाचा हात पहिल्यापासून वर होता. सर तिच्याकडं न बघता म्हणाले, "हात खाली. चक्र ठरवेल."

तिची आई म्हणाली, "सर, माझ्या पोरीचं नाव कवा येतंय?"

"नशिबाचा खेळ आहे ताई. येईल."

"माझं नावच नाय त्याच्यात," प्रज्ञा म्हणाली.

"व्हय का?" आई म्हणाली. "मग आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येईल, सर?"

सर घाम पुसत सांगू लागले की चक्र लॉक आहे, कंपनीचा माणूस आल्याशिवाय काही करता येत नाही. तेव्हा मागच्या बाकावरचे एक फ्लॅटमधले पालक उठून फळ्यापाशी गेले. त्यांचा हेतू चांगलाच होता. "सर, इथं अधिकची खूण आहे ना, ती दाबायची आणि नाव लिहायचं," असं म्हणत त्यांनी प्रज्ञाचं नाव घालूनही दाखवलं. अर्ध्या मिनिटाचं काम. शिस्त नव्हती, लॉक नव्हतं, काहीच नव्हतं. सरांना नाव घालता येत नव्हतं, आणि ते कुणाला विचारायची लाज वाटत होती. त्या लाजेपायी एक मुलगी सबंध सत्र हात वर करून बसली होती.

निदान आता तरी या माणसानं म्हणावं, "प्रज्ञा, उठ, सांग उत्तर." नाही. सरांनी कॉलर नीट केली आणि पुन्हा चक्र फिरवलं. बाण भलत्याच नावावर थांबला. पुन्हा फिरवलं, तिसऱ्याच नावावर. "नियम तो नियम," असं म्हणून ते हसले. दारातल्या बाईनं पदर खोचला. मग मुलीला म्हणाली, "चल. टँकर यायची येळ झाली." प्रज्ञानं दप्तर उचललं.

मी दोनदा त्यांच्या वस्तीवर जाऊन आले. आईनं चहा केला, पाण्याची घागर माझ्यादेखत झाकून ठेवली. म्हणाली, "बाई, तुमी इचारता, ठाव हाये मला. पर एकट्या तुमीच इचारता." प्रज्ञा रिकामा हंडा घेऊन शेजारी उभी होती. दुसऱ्या खेपेला ती घरी नव्हती, रांगेत होती.

दिवाळीनंतर तिचं नाव येऊ लागलं. हसू नका, खरंच येऊ लागलं. नाव घालायचं कसं ते सरांनी पाहिलं होतं, काढायचं कसं ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. चक्र फिरायचं, गाणं म्हणायचं आणि प्रज्ञा खरातवर थांबायचं. पोरं एका सुरात म्हणायची, "गैरहजर, सर." सर म्हणायचे, "चला, पुढं." माझ्या वर्गात भिंतीपलीकडून तो सूर ऐकू यायचा आणि हातातला खडू तसाच राहायचा.

एप्रिलमध्ये सर निघाले. पुण्याच्या त्याच संस्थेनं त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं, आता ते शेकडो शिक्षकांना बर्फ फोडायला शिकवणार होते. आम्ही शाल-नारळ दिलं, मी टाळ्याही वाजवल्या. सर म्हणाले, माझ्याविषयी दोन शब्द कोण बोलणार ते चक्रच ठरवू दे. आठवीच्या वर्गात सगळे जमले, सरांनी शेवटचं बोट लावलं. चक्र सावकाश होत होत थांबलं.

"गैरहजर, सर," सगळा वर्ग म्हणाला.

सर हसले आणि त्यांनी पुन्हा चक्र फिरवलं.