बारीक डोळ्याचे मासे

माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा जन्मापासून बारीक आहे. वाटाण्याएवढा, पापणीच्या आत दडलेला. त्यानं काही दिसत नाही. आमच्या रहिमतपूरच्या घरात वडील फौजेतून निवृत्त झालेले, दोन्ही चुलते फौजेतले. भाऊ मात्र भरतीच्या मैदानावर कधी गेलाच नाही. आता तो उसाच्या रोपांची नर्सरी चालवतो आणि त्या डोळ्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. वाटतं ते आईला. तो पोटात असताना ग्रहणात तिनं विळीवर भेंडी चिरली होती. आळीतल्या बायकांनी ती भेंडी तिला कधी विसरू दिली नाही.

मी सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माशांच्या डोळ्यांवर काम करते. बोटाच्या दोन पेरांएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आतला डोळा घडताना सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसतो. त्या वेळी पेशी भराभर वाढत असतात, आणि दर वेळी डीएनएची नवी नक्कल उतरवावी लागते. नक्कल मध्येच अडली तर पेशी थांबते, दुरुस्ती करते. फारच अडली तर स्वतःला संपवून टाकते. डोळा बारीक राहतो तो पेशी नुसत्या थांबल्यामुळे की मेल्यामुळे, हे मला बघायचं होतं.

त्या दिवशी सकाळी तीन बशा समोर होत्या. पहिलीत साधी पिल्लं. दुसरीतल्या पिल्लांना नक्कल अडवणारं औषध दिलेलं. तिसरीतही तेच औषध, पण या पिल्लांत पेशीला मरायचा हुकूम देणारं प्रथिनच चालत नव्हतं.

दुसऱ्या बशीत डोळे बारीक होते. तिसरी बशी भिंगाखाली सरकवली. डोळे मोठे होते! पहिलीइतके नाहीत, पण चांगलेच मोठे. मी दोनदा मोजले. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या बशीवरच्या खुणा झाकून शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मोजायला लावले.

"ही बशी मोठ्या डोळ्यांची," ती तिसरीवर बोट ठेवून म्हणाली.

हातमोजे न काढताच मी व्हरांड्यात पळाले आणि भावाला फोन लावला. तो आईचे गुडघे दाखवायला मिरजेला आला होता. अर्ध्या तासात दोघं दारात हजर.

आईनं भिंगाला डोळा लावला. "काळं काळंच दिसतंय की."

"त्या तुझ्याच पापण्या. जरा मागं हो."

ती मागं झाली आणि ओरडलीच, "आगं बया! काळीज उडतंय की गं ह्येचं!"

मी तिला तिन्ही बशा दाखवल्या, पेशींचं थांबणं आणि मरणं समजावलं: मरायचा हुकूम बंद केल्यावर डोळे मोठे झाले, म्हणजे ते बारीक राहत होते ते बहुतेक पेशी मेल्यामुळे. तिनं वळून भावाकडे बघितलं.

"म्हंजे आपल्या पोराचं असंच झालं व्हय?"

"ते मला ठाऊक नाही, आई. अनेक कारणं असतात. खोटं कशाला सांगू?"

"पर भेंडीनं न्हाई न्हवं?"

"भेंडीनं नाही. अजिबात नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडेल. पण ती भावाच्या पाठीत धपाटा घालून हसली. "ऐकलंस का रं? इतकी वर्सं उगीच जीव जाळला!"

भाऊ तोवर चांगल्या डोळ्यानं बशीत बघत होता. "ताई, नक्कल तर सगळ्या अंगात अडली असंल. मग डोळाच का बारीक?"

डोळ्याच्या पेशी त्या तासांत घाईनं वाढतात, हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं मला माहीत नव्हतं. असा नवा प्रश्न हाती लागल्याचा फार आनंद झाला मला.

पुढच्या महिन्यात त्या मोठ्या डोळ्यांचे पातळ काप करून पाहिले. आतले थर विस्कटलेले होते. बिघडलेल्या पेशी जगल्या होत्या, पण नीट जागेवर बसल्या नव्हत्या. दोन दिवस मी खट्टू होते. मग मैत्रीण म्हणाली, "हे तर जास्तच भारी आहे गं," आणि ते खरंच होतं. मरायचा हुकूम बिघडलेल्या पेशी काढून डोळ्याची घडण राखतही असणार.

आता भावाच्या प्रश्नावर नवे प्रयोग चाललेत आणि त्यांना रोज ताजी अंडी लागतात. आई रोज सकाळी फोन करते. जेवलीस का, हे नंतर, आधी विचारते, "अंडी दिली का गं माशांनी?"