चौसष्ट जास्तीच्या लसी

शनिवार, १४ जून २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. बेळगावच्या औषध वितरकाचा माणूस निपाणीतील माझ्या दवाखान्यासमोर गाडीतून थंड पेट्या उतरवीत होता. फ्लूच्या शंभर लसी यायच्या होत्या. आल्या एकशे चौसष्ट.

आम्ही गावातील पाच डॉक्टर. आजवर प्रत्येकजण आपल्यापुरत्या लसी मागवीत असे. एकाकडे उरत, दुसऱ्याला मिळत नसत. यंदा सर्वांनी एकत्र मागवायचे ठरले. वितरकाची अट अशी की, शंभराहून कमी पाठवणार नाही आणि पाठवलेल्या परत घेणार नाही. आमची मागणी चौऱ्यांशीवर थांबली. उरलेल्या सोळा कुणी घ्यायच्या, यावर बैठकीत कुणी अवाक्षर काढले नाही. आमच्याकडे असे प्रश्न चारचौघांत सोडवीत नाहीत. समोरच्याला कमीपणा येऊ नये म्हणून ते मागाहून गुपचूप निस्तरतात.

"इतक्या कशा?" मी विचारले.

"सर, पाची जणांचे फोन आलते. 'त्या सोळा माझ्या नावावर घाल, बाकीच्यांना बोलू नको.' मी कुणाला बोललो न्हाय."

"पाचवा फोन कुणाचा?"

"तुमचाच की, सर."

मी पावतीवर सही केली.

माझ्या फ्रीजमध्ये शंभर मावल्या. ही लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. उरलेल्या चौसष्ट पेटीतच होत्या आणि पेटीतला गारवा संध्याकाळपर्यंतच टिकणार होता. इतरांचे फ्रीज घरगुती. त्यांत दूध, दही आणि आमरस. तेथे मी लस ठेवू दिली नाही.

आठ वाजता चौघेही आले. प्रकार कळल्यावर कुणी कुणाकडे पाहीना. अखेर सर्वांत तरुण सहकारी, मूळच्या सदलग्याच्या डॉक्टरीणबाई, हसू आवरीत म्हणाल्या, "पाची जण चोरून चांगले निघालो म्हणायचं! आता वखारीत जाऊया. सोळा सोळांचे पैसे आपण देणारच आहोत, या चौसष्ट तिथं फुकट देऊ."

दवाखान्याच्या मागे तंबाखूची वखार आहे. तेथे पाने निवडणाऱ्या बायका पावसाळाभर खोकत आमच्याकडे येतात. मालकाने काम थांबवायला परवानगी दिली. अकरा वाजता आम्ही पेटीसह हजर झालो. बायका जमल्या, पुढे कुणी येईना.

"डॉक्टर आप्पा," त्यांतली सर्वांत वयस्क बाई म्हणाली, "सुई घिऊन हितवर आलासा? दवाखान्यात कोन फिरकंना व्हय?"

वखार हसली. फ्लू म्हणजे काय आणि ही लस कशासाठी, हे मी थोडक्यात सांगितले.

"लई चांगलं. आन तुमी घेतलासा का?"

मी घेतली नव्हती. पाचांपैकी कुणीच घेतली नव्हती. यादी करताना आम्ही रुग्ण मोजले होते, स्वतःला नाही. मी बाही वर केली आणि पोत्यावर बसलो. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली.

"हात सैल सोडा, सर."

"सैलच आहे."

"बघा गं!" म्हातारी ओरडली. "आमाला सैल सोड म्हनत्यात, आन सोता ओंडका झाल्यात!"

हात ताठ होता, हे मला मान्य आहे. माझ्यामागून चौघांनीही टोचून घेतली. त्यानंतर म्हातारी पुढे आली आणि तिच्यामागे रांग लागली. ताप असलेल्या तिघींना आम्ही परत पाठवले. दोन वाजेपर्यंत त्रेपन्न बायकांना लस दिली आणि अर्धा तास त्यांना डोळ्यांसमोर बसवून ठेवले. तेवढ्यात त्यांनी आम्हां पाचांच्या चेहऱ्यांची यथेच्छ नक्कल केली. माझी सर्वांत हुबेहूब होती.

सहा लसी उरल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या रुग्णांनी काही घेतल्यामुळे फ्रीजमध्ये जागा झाली होती. साडेसहाला त्या सहा मधल्या कप्प्यात ठेवल्या, चार अंश तापमान तक्त्यावर लिहिले आणि चुकून कुणी बंद करू नये म्हणून फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावली.