तांदळाच्या ताटावरचा हात

“तू राहू दे. तू फोटो काढ.”

काकू हळू आवाजात म्हणाल्या. हसून. मी हात पुढे केला होता, तेवढ्यात त्यांनी स्वतःचा हात मध्ये घातला. मला न शिवता बाजूला कसं करायचं, ते त्यांना नीट जमत होतं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातली आमची मराठी शाळा, म्हणजे एका अमेरिकन शाळेचे दोन वर्ग. टेबलावर ताट, ताटात तांदूळ. नव्या मुलांचं बोट धरून शिक्षकांनी त्यात ‘अ’ गिरवून घ्यायचा, अशी ही शाळा चालवणाऱ्या मराठी मंडळाची पद्धत. शिक्षक मी होते. दोन वर्षं दर रविवारी मीच शिकवत होते. माझ्यासमोर पाच वर्षांची पोर बोट ताठ करून उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, यू डू इट.”

तिचं बोट काकूंनी धरलं. काकू मंडळाच्या अध्यक्ष.

मी फोटो काढले. चांगले काढले. उजेड कुठून येतोय ते बघून, मुलांना हसायला सांगून. मला काही वाटत नव्हतं. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं. संध्याकाळी ते फोटो ग्रुपवर आले. एकाही फोटोत मी नव्हते.

कारण मला माहीत होतं. दोन आठवड्यांपूर्वी काकूंनी घरी जेवायला बोलावलं होतं. इथे आल्यापासून मी नावापुढे वडिलांचं नाव लावून थांबायची. आडनाव सांगायची नाही. ही माझी चूक, आणि ती मी समजून-उमजून करत होते. काकूंनी वाढता वाढता विचारलं, “हे वडिलांचं नाव झालं. आडनाव काय?” मी सांगितलं. मग नागपुरात कुठे राहता, तेही विचारलं. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “छान. आता तुमच्यातही बरेच जण शिकतात.” मग पोळी वाढली. लांबून.

तरी मी पुढच्या रविवारी शिकवायला गेले. कामापुरता मामा म्हणतात, तशी मी रविवारपुरती ताई.

मी इथे पीएचडी करते. विषय आहे गेल्या शतकात राजकारणात उतरलेल्या चिनी शिक्षिका. फोटोंच्या दुसऱ्या दिवशी लायब्ररीत एका मुख्याध्यापिकेची वही वाचत होते. एका पानाला मला तास लागतो. बाईंनी वीस वर्षं मुलींची शाळा चालवलेली. शहरातले मोठे लोक आपल्या लेकी विश्वासाने त्यांच्याकडे धाडायचे. बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा तेच लोक म्हणाले, तुम्ही शिकवा, बाकीचं आम्ही बघतो. बाई स्त्रियांसाठी राखलेल्या जागेवरून निवडून गेल्या. लोक हसले. बाईंनी वहीत राग लिहिलेला नाही. कुठला झगा घातला ते लिहिलंय, आणि सभागृहात कुठे बसल्या ते. पहिल्या रांगेत.

राखीव जागा. त्या शब्दावर माझी पेन्सिल थांबली. शाळेपासून कॉलेजपर्यंत हा शब्द कुणी उच्चारला की मी मान खाली घालायची. मार्क असले तरी घालायची. या बाईंनी घातली नव्हती.

त्यांचं दुःख ते माझं नव्हे. बाई खात्यापित्या घरच्या. त्यांच्या हातचं पाणी कुणी नाकारलं नव्हतं. पण त्यांचा प्रश्न मला नेमका कळला. शिकवायला चालते, ती ठरवायला का चालत नाही? त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. एक दिवस उशिरा.

जानेवारीत मंडळाची निवडणूक असते. निवडणूक कसली, जेवढ्या जागा तेवढेच अर्ज येतात. कुणी कुठे बसायचं ते काकूंच्या घरी जेवताना आधीच ठरतं. यंदा शाळाप्रमुखाच्या जागेसाठी एक अर्ज जास्त आला. माझा. त्यावर नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.

काकूंचा फोन आला. समजावणीचा सूर. “अगं, तुला शिकवायची एवढी आवड आहे. या पॉलिटिक्समध्ये कशाला पडतेस? आणि मंडळात आपण असलं काही कधी पाळलं नाही.”

“काकू, दसऱ्याला तुम्ही माझा हात बाजूला केलात.”

त्या म्हणाल्या, “तुला वाईट वाटलं का?”

“तेव्हा काहीच वाटलं नाही. त्याचीच आता भीती वाटते. अर्ज मी मागे घेणार नाही.”

मतदान येत्या रविवारी आहे. पडेन, बहुतेक. पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरीन, त्याच नावाने. तोवर शाळा सोडणार नाही. आणि दसऱ्याला त्या ताटाशी मी बसणार आहे. मुलांचं बोट मी धरणार.

फोटो कुणीही काढावेत.