भावाच्या लिव्हरमधला फोड आणि आईचा हात

घरात कुत्रा असेल तर हे वाचा. नीट लिहायला सुचत नाहीये, सांभाळून घ्या.

आज कर्जतला भावाची सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये नारळाएवढा पाण्याचा फोड आहे. डॉक्टर म्हणाले, हा टेपवर्म जंताचा फोड, असा पेशंट क्वचितच येतो. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी नकळत तोंडात जातात.

बोकड कापल्यावर काळजावर फोड दिसले की आम्ही ते खात नाही, आमच्या कुत्र्याला, मोत्याला टाकतो. जंत त्यातूनच मोत्याच्या पोटात जातो म्हणे. आणि मोत्या झोपतो भावाच्या अंथरुणात.

"फोड फुटला तर जिवावर बेतेल. कुणी पोट चोळत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

कुणाची बेंबी सरकली की अख्खी वाडी आईकडे पोट चोळून घ्यायला येते. भावाचं तर ती होळीपासून रोज तेल लावून चोळते आहे.

ऑपरेशन मुंबईला होणार, नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही. घरी परतताना कशेळ्याच्या जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला मी भावाच्या तोंडाकडे बघत होते.

आत्ता तो कळवळतोय. "आये, जरा हात फिरव गं."

"नाय रं बाबा," म्हणत आई लांब दारात जाऊन बसली आहे. मघाशी मला हळूच म्हणाली, "माज्याच हातानं फुटला असता ना गं?"

मुंबईच्या हॉस्पिटलात कुणाची ओळख असेल तर कळवा. आणि आईला काय उत्तर देऊ, तेही सांगा.