माझी आई काय करायची

तळेगावात मी कारखान्यांतल्या मुलामुलींना स्पॅनिश शिकवायचो. एका कंपनीला दुभाषा हवा होता आणि वर्गातून एक नाव मी कळवायचं होतं. सगळ्यांत हुशार होती खंडाळ्याजवळच्या ठाकरवाडीतली एक मुलगी. नोकरी तिलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते.

चालू भूतकाळ शिकवायची माझी पद्धत ठरलेली होती. उभं राहायचं, काल संध्याकाळी आपण काय करत होतो ते खरं सांगायचं आणि तसाच प्रश्न दुसऱ्याला विचारायचा. बाकीचे पुस्तक वाचत होते, क्रिकेट पाहत होते. ती म्हणाली, “एस्ताबा लाबांदो प्लातोस.” म्हणजे, ताटं घासत होते. संध्याकाळी ती बंगल्यांवर भांडी घासायला जायची. वाक्य निर्दोष होतं.

“कुणाची खरकटी?” मी विचारलं. वर्ग हसला. मला ते आवडलं. मग दर तासाला पहिला प्रश्न तिलाच. “काल किती ताटं, बाईसाहेब?” मागून कुणीतरी ओरडायचा, “सर, आमच्याकडं पण पाठवा की हिला!” मी एकदाही अडवलं नाही. तीही दर वेळी उभी राहून खरं तेच सांगायची.

एकदा उत्तर झाल्यावर तिने मलाच विचारलं, “सर, तुम्ही लहान होता तेव्हा तुमची आई काय करायची?”



“शाळेत शिकवायची,” मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि खाली बसली.

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या मुलाचं नाव कळवलं. तिच्याविषयी लिहिलं, ‘उद्धट आहे.’ ती पुन्हा वर्गात आली नाही.

माझी आई खंडाळ्यात तीन बंगल्यांची भांडी घासायची. राखेने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. त्या भांड्यांवर मी शिकलो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात खंडाळ्याच्या एका बंगल्यावर जेवायला गेलो होतो. माझं उष्टं ताट उचलायला तीच आली. मी तिच्यामागे मोरीपर्यंत गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

“म्हाईत व्हतं सर,” ती म्हणाली. “माजी आजी तुमच्या आईसंगंच भांडी घासायची. म्हणून तर इचारलं. वाटलं, तुमी खरं बोलला तर पोरं हसायची थांबत्याल.”

तिने नळ सोडला.

“सरका जरा. पानी उडंल.”