बाबांची गाडी सेल्फवर आली तेव्हा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि तो कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता.

तर आमची पिकअप. डिझेलची. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आता माझ्या डोक्यावरचे केस गेले, पण गाडी आहे. आमचं गाव संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. कापूस खामगावला, संत्रं मलकापूरला, आजारी माणूस दवाखान्यात आणि नवरी सासरी, सगळं सगळं तिनेच पोचवलं. आधी पांढरी होती म्हणतात. मला तरी ती मळकटच आठवते.

या गाडीची एकच खोड. सेल्फवर चालू व्हायची नाही. किल्ली फिरवली की पोटातून एकदा 'कुंई' करायची आणि गप्प. मग काय, धक्का! हँडब्रेकही कधीचाच मेलेला, म्हणून उभी केली की चाकाखाली दगड लावायचा.

आणि धक्का मारायला कोण? बाबांचे दोस्त. बांगड्या विकणारे सलीम चाचा आणि भाजी विकणारे रामभाऊ काका. बाजाराच्या दिवशी सकाळी दोघंही आपापला माल घेऊन पारापाशी हजर. माल मागच्या हौद्यात टाकायचा, चाकाखालचा दगड काढायचा आणि मागून ढकलायचं. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचे, "हाणा!" मग दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचे. गाडी दोन उचक्या द्यायची, काळ्या धुराचा लोट निघायचा, आणि त्या धुरातून हे दोघं पळत येऊन हौद्यात उडी मारायचे. दोघंही चांगले संसारी, दाढीमिशावाले, पण त्या उडीच्या वेळी अगदी शाळेतल्या पोरांसारखे दिसायचे हो!

बाबांची बहीण, आमची वच्छला आत्या, तेवढी कधी ढकलायची नाही. ती मसाल्याची टोपली मांडीवर घेऊन पुढे बाबांच्या शेजारी बसायची. मालकाची बहीण ना!

थंडीतल्या त्या सकाळी मला अजून आठवतात. माणसांच्या तोंडातून वाफ, गाडीतून धूर, आणि खड्ड्याखड्ड्याला चाचांच्या पेटीतल्या बांगड्यांची किणकिण.

बाबा गेले. गाडी मी चालवायला लागलो. धक्का मात्र चुकला नाही. चाचा आणि काका आता साठीच्या पुढे गेलेले, तरी बाजाराच्या दिवशी बाह्या सारून उभे.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, या म्हाताऱ्या माणसांना किती दिवस ढकलायला लावायचं? कापसाचं काम आटोपलं तशी गाडी खामगावला नेली. फिटरला म्हटलं, "इंजिन खोलून नव्यानं बांध. सेल्फ, बॅटरी, ब्रेक, सगळं नवं टाक."

तो म्हणाला, "भाऊ, त्यापेक्षा दुसरी गाडी पाहा ना."

"बाबाची हाये," मी म्हटलं. तो मुकाट्याने पाना घेऊन खाली शिरला.

आणि काय गाडी झाली राव! चुटकी वाजवायच्या आत चालू! उचकी नाही, धूर नाही. बाजाराच्या दिवशी मी ऐटीत पारापाशी गेलो. दोघं धक्क्याच्या तयारीत उभेच होते.

"चाचा, आता ढकलनं बंद! फक्त बसा!" म्हणत मी किल्ली फिरवली. फुर्रर्र!

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला. "मस्त झाली रे," म्हणाले. आणि बांगड्यांची पेटी उचलून सरळ ऑटोकडे निघाले! त्यांच्यामागे रामभाऊ काका.

"चाचा, काऊन? बसा ना!"

"नाही बेटा. ऑटोनं जातो."

"रुसले का?"

"रुसाले काय झालं? पहिले धक्का मारत होतो, हक्कानं बसत होतो. आता फुकट काऊन बसू?"

त्या दिवशी बाजाराला गेलो ते मी आणि आत्या. सारा रस्ता आत्या वळून वळून रिकाम्या हौद्याकडे बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "लय चूपचाप चालते बाप्पा आता ही."

पुढच्या बाजारीही तेच. आरशात बघावं तर मागे धूर नाही आणि माणसंही नाहीत. नुसता रस्ता. एवढी सुधारलेली गाडी, पण तिच्यात बसवेना मला!

मग मी एक युक्ती काढली. युक्ती माझी होती, तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. पुढच्या बाजारी गाडी पारापाशी आणली, बंद केली आणि तोंड पाडून आत बसून राहिलो.

चाचांनी ऑटोकडे जाता जाता विचारलंच. "काय झालं बे?"

"सेल्फ गेला चाचा."

"नवा?"

"नवाच गेला. आजकालच्या मालात कुठी दम हाये?"

अहो, त्या माणसाचा चेहरा असा उजळला की विचारू नका! "रामभाऊ! ये बे लवकर! पोराचा सेल्फ गेला!" जणू माझ्या घरी बारसं होतं. पेटी हौद्यात, भाजीच्या टोपल्या हौद्यात, आत्या पुढे, आणि दोघं मागे. मला तर भरून आलं. क्लच दाबला, हात खिडकीबाहेर काढला आणि बाबांच्या सुरात ओरडलो, "हाणा!"

गाडी हलेना.

"काका, जोर लावा!"

"लावूनच राह्यलो ना बे!"

चहाच्या टपरीवरची माणसं धावली. हलेना. शेतावर निघालेल्या बाया डबे खाली ठेवून आल्या. हलेना! तेवढ्यात मागून बस आली आणि अडकली. ड्रायव्हरने आधी हॉर्न वाजवला, मग कंटाळून तोही उतरला. त्याच्यामागे कंडक्टर, त्याच्यामागे प्रवासी. अर्धा तालुका माझ्या गाडीला मागून चिकटला!

"इंजिन जाम झालं!"

"इंजिन नाही बे, चाक जाम झालं!"

"त्या फिटरनं फसवलं याले!"

आणि मी? मी आत बसून तोंडाने जोर लावतोय. "अजून थोडं! हलते, हलते!"

शेजारी आत्या टोपली सावरत कुरकुरत होती. "दिल्या, हा दांडा घे ना बाजूले. माह्या गुडघ्याले टोचून राह्यला."

"कोनता दांडा?"

"हा काय. पहिले तर मेल्यावानी खाली पडेल राहे."

मी खाली बघितलं. हँडब्रेक! वर ओढलेला. चांगला घट्ट. नवा झाल्यापासून गाडी थांबली रे थांबली की मी मोठ्या कौतुकाने ओढत होतो ना!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? "थांबा हो," म्हटलं असतं. मी गुपचूप दांडा खाली सोडला.

गाडी अशी काही सुटली की मागचा सगळा जमाव धुळीत! ड्रायव्हरवर कंडक्टर, कंडक्टरवर रामभाऊ काका. मी घाबरून करकचून ब्रेक दाबला. नवे ब्रेक! गाडी जागच्या जागी थांबली आणि हौद्यातली वांगी केबिनच्या मागच्या काचेवर येऊन धडकली.

चाचा उठले. दाढी धुळीने पांढरी झालेली. खिडकीशी येऊन म्हणाले, "उतर."

"चाचा, ते..."

"उतर बे! तुह्या बापाले जमत होतं, तुले जमून नाही राह्यलं. मी बसतो, तू ढकल."

बाबांच्या आजारपणात ही गाडी चाचांनीच चालवली होती. ते आत बसले. मी मागे जाऊन हौद्याला खांदा लावला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की धक्का मारायच्या आधी हा माणूस एकदा किल्ली फिरवून बघतो. निव्वळ सवय!

"चाचा, किल्ली नका..."

फुर्रर्र! चुटकी वाजवायच्या आत!

बसचा ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय. कंडक्टर बघतोय. बाया पदराने तोंड पुसता पुसता बघताहेत.

चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दिल्या, सेल्फ गेल्ता ना बे?"

आता लपवून काय उपयोग? "तुमी बसत नव्हते चाचा," मी म्हटलं. "मागं कोनीच नाही राहत. करमत नाही मले गाडीत."

चाचांनी दाढीवरची धूळ झटकली. मग जोरात खाकरले आणि ओरडले, "काय पाहून राह्यले? बसा रे सगळे!"

आणि चढले की सगळे! रामभाऊ काका, टपरीवरची माणसं, शेतावरच्या बायासुद्धा. मीही हौद्यावर पाय टाकला.

"तू नाही," चाचा म्हणाले. "या गाडीत बसाले धक्का मारा लागते. आमी सगळ्यायनं मारला. तू आत बसून होता."

आणि गेले! माझीच गाडी घेऊन, मला भर रस्त्यात सोडून! हौद्यात नुसता हशा. मागोमाग बसही गेली. कंडक्टरने माझ्याकडे बघत दोनदा घंटी मारली.

मी पायी निघालो. ओढ्यापर्यंत गेलो असेन, तर शेजारच्या गावचा एक ओळखीचा मोटारसायकलवर आला. मला बघून थांबला.

"काऊन दिलीपभाऊ, पायी? गाडी बंद पडली का?"

"नाही ना बाप्पा," मी म्हटलं. "चालू झाली!"