बूट निघेपर्यंत ड्युटी

अमिरातीत दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला पगार निघतो. आकडा दिरहममध्ये सांगितला जातो आणि ऐकणारा लगेच त्याचे रुपये करतो. सिस्टर हा प्रश्न कधीच विचारत नसत. शारजातल्या आमच्या मजल्यावर कोणी नवीन राहायला आलं, की त्या दारातच विचारायच्या, “बूट किती वाजता निघतात?” समोरचा गोंधळायचा. मग खुलासा व्हायचा: “पंच केलं म्हणजे ड्युटी संपली, हे ऑफिसचं गणित. बूट निघेपर्यंत ड्युटी. खलास.”

सिस्टरांचं नाव शमीम. मूळच्या रत्नागिरीच्या. दुबईत जबल अलीच्या एका कामगार वसाहतीतल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. बारा तासांची ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी आणि जाता-येता ट्रॅफिकमध्ये रांगणारी कंपनीची बस. त्यांचे पांढरे बूट वेल्क्रोच्या चिकटपट्टीचे होते. संध्याकाळी उशिरा कॉरिडॉरमध्ये ‘चर्र, चर्र’ असे दोन आवाज झाले, की सिस्टर आल्या हे सगळ्या मजल्याला कळायचं. तोवर त्यांची मुलगी आयेशा जेवून पेंगत असायची. तिचं सगळं इकबालभाई बघायचे. सिस्टरांचे हे यजमान रास अल खोरला फळांच्या घाऊक बाजारात अकाउंटंट होते आणि त्यांच्या आधी घरी पोचायचे.

आयेशा तिसरीत होती. शाळेत एकदा ‘माझी आई’ असं चित्र काढायला सांगितलं. तिने बंद दार काढलं आणि दाराबाहेर पांढरे बूट. बाईंनी विचारलं, आई कुठे आहे? आयेशा म्हणाली, “इफ द शूज आर देअर, मम्मा इज होम.” सिस्टरांनी हा किस्सा मजल्यावर हसत हसत सांगितला. चित्र मात्र त्यांनी फ्रिजवर लावलं नाही. कपाटात ठेवलं. त्याच महिन्यात त्यांनी इंग्लंडच्या नर्सिंग परीक्षेचा फॉर्म भरला.

कंपनीच्या बसमध्ये त्या कानात इयरफोन घालून अभ्यास करायच्या. ड्रायव्हर पठाण होता. तो म्हणायचा, “सिस्टर, गाना सुनती हो?” त्या म्हणायच्या, “हां भाई, किडनी का गाना.” दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्या, मुलाखत झाली आणि लिंकनशर काउंटीतल्या एका इस्पितळाची ऑफर आली. त्या दिवशी बूट पायात ठेवूनच त्यांनी मजल्यावरची सगळी दारं वाजवली. पगार पौंडांत होता, तोही वर्षाचा. जिन्यात उभ्या उभ्याच त्याचे दिरहम झाले, दिरहमचे रुपये झाले, आणि कोणीतरी शिट्टी वाजवली.

मी एका साप्ताहिकात अर्थविषयक पान बघतो. सिस्टरांनी मला विचारलं, “भाऊ, त्या लिंकनशरच्या सर्वसाधारण माणसाला किती मिळतं?” मी शोधून सांगितलं, की त्यांचा पगार तिथल्या सरासरीच्या आसपासच आहे. मला वाटलं, त्या हिरमुसतील.

“म्हणजे मी तिथे सरासरी बाई होणार?” त्यांनी टाळी मागितली. “माशाल्ला! इथे आयुष्यभर इमर्जन्सीच होते मी.”

शुक्रवारी त्यांनी सांदणं केली आणि सगळ्यांना बोलावलं. तिथे त्यांनी ऑफर वाचून दाखवली: आठवड्याला साडेसदतीस तास. “आता हिशोब बघा. साडेसदतीस भागिले बारा. तीन ड्युट्या! चार दिवस घरी!”

आम्ही सगळे हसलो. इकबालभाई तर उठून उभेच राहिले. “अगं, सगळ्या दुनियेत काय बारा तासांचीच ड्युटी असते? पाचाने भाग. रोज साडेसात तास, पाच दिवस. ऑफिससारखं.”

“नर्सला कुठलं ऑफिस?”

“तू आणि तुझं गणित!”

इकबालभाईंची काळजी खरी होती. टॅक्स आणि घरभाडं वजा जाता तिथे शिल्लक इथल्यापेक्षा कमी पडणार होती, आणि त्यांची स्वतःची नोकरी सुटणार होती. शेवटी त्यांनीच सांगून टाकलं, “तीन दिवसांची ड्युटी असेल, तर मी उद्या राजीनामा देतो. पाच दिवस असेल, तर इथेच बरे आहोत.” सिस्टर म्हणाल्या, “मंजूर.” आयेशाने सांदण ताटात ठेवून दिलं.

सोमवारी दुपारी वॉर्डच्या प्रमुख बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. सिस्टरांनी त्यासाठी रजा घेतली. मला भाषेच्या मदतीसाठी बोलावलं होतं. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी आणि इकबालभाई फ्रिजला चिकटून उभे होतो. नमस्कार-चमत्कार झाले आणि सिस्टरांनी थेट विचारलं, “मॅडम, इन वन वीक, हाउ मेनी डेज आय वेअर शूज?”

बाई गोंधळल्या. मी फ्रिजपाशी कपाळाला हात लावला. पण सिस्टरांनी हातवारे करून समजावलं आणि बाई खळखळून हसल्या. त्यांच्या वॉर्डात सगळे लांब पाळ्या करतात, बारा तासांच्या. आठवड्याला तीन, कधीमधी चौथी. काही रात्रीच्या. बाकी दिवस सुट्टी. राहायची खोली इस्पितळापासून चालत जाण्याइतकी जवळ.

सिस्टरांनी ‘थँक्यू’ म्हणून लॅपटॉप मिटला आणि मग किंचाळल्या. आयेशा पलंगावर उभी राहून उड्या मारत होती. इकबालभाईंनी माळ्यावरची मोठी बॅग खाली ओढली आणि म्हणाले, “यल्ला, चला, सरासरी बाई.”

तिघं निघाली तेव्हा सगळा मजला लिफ्टपर्यंत आला होता. सिस्टर लिफ्टमधून म्हणाल्या, “भाऊ, पेपरात काय वाट्टेल ते छापा. पण बूट वेळेवर काढा.” दार बंद झालं. त्यांच्या जागी आता एक तरुण जोडपं आलं आहे. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “बूट किती वाजता निघतात?” दोघांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

मागच्या आठवड्यात सिस्टरांचा व्हॉइस मेसेज आला. सुरुवातीला नुसती पावलं ऐकू येतात. किल्ली फिरते. मग ‘चर्र, चर्र’. मग आयेशाचा आवाज येतो.

“मम्मा, टुमॉरो?”

“उद्या घरी.”

“अँड डे आफ्टर?”

“परवा पण घरी.”

यानंतर आयेशा एवढ्या जोरात ओरडते, की इकबालभाई मागून काय म्हणतात ते ऐकू येत नाही.